केसाच्या देठावरची अंडी

परभणीहून ताडकळस एसटीनं फार लांब नाही, आणि एवढ्याशा जाण्याला प्रवास म्हणावं की नाही याची मला शंकाच आहे. आमच्या वर्गातली काही मुलं म्हैसूर-उटी पाहून आली आहेत. लिहायचं तर त्यांनी लिहावं. पण ताडकळसच्या शिवारात मी जे पाहिलं ते आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं नसेल, आणि ते नुसत्या डोळ्यांनी नीट दिसतही नाही. म्हणून धीर करून लिहितो.

निघालो तेव्हा मार्गशीर्ष संपत आला होता. एसटीत मला खिडकीजवळ जागा मिळाली, पण बाहेर काय होतं ते मी पाहिलं नाही. पायाशी कॅमेऱ्याची तिपाई, मांडीवर रेक्झिनची पिशवी होती आणि दोन्ही हात तिच्यावर होते. तिच्यात आमच्या शेतकी कॉलेजच्या कीटकशास्त्र विभागाचा कॅमेरा, धातूच्या तीन पोकळ नळ्या, आणि टॉवेलात गुंडाळलेली, विभागात आम्हाला शिकवणाऱ्या सरांची स्वतःची लेन्स. ती त्यांनी परदेशात शिकत असताना घेतली होती. विभागाची वस्तू फुटली तर चौकशी होते. सरांची फुटली असती तर ते काहीच बोलले नसते. मला त्याचीच जास्त भीती होती.

नळ्यांच्या आत काच वगैरे काही नसते. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये त्या बसवल्या की लेन्स फिल्मपासून लांब जाते आणि अगदी जवळची, मोहरीएवढी वस्तू चित्रात सुपारीएवढी दिसते. मात्र जितक्या नळ्या जास्त तितका उजेड कमी, आणि स्पष्ट दिसणारा भागही तितकाच पातळ. कागद उभा धरावा एवढाच भाग स्पष्ट येतो. त्याच्या पुढचं-मागचं सगळं धुक्यात जातं. सरांच्या लेन्सची खुबी अशी की तिची मान वाकवता येते. बाजूची चकती फिरवली की लेन्स तिरपी होते आणि तिच्याबरोबर तो स्पष्टपणाचा कागदही तिरपा होतो. ज्वारीच्या तिरप्या पानावर तो बरोबर टेकवता आला, तर पानावरची एक अख्खी ओळ स्पष्ट येते.

ही ओळ कसली, तर अंड्यांची. क्रायसोपा नावाचा एक हिरवा, जाळीदार पंखांचा किडा असतो. तो पानावर केसासारखा उभा देठ काढतो आणि देठाच्या टोकावर एकच अंडं ठेवतो. अंड्यातून निघालेली अळी मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारे बारीक किडे, खाते. सरांना ती अंड्यातून बाहेर येतानाचं चित्र हवं होतं. आमच्या प्रक्षेत्रावर तोवर सगळीकडे फवारणी झाली होती, म्हणून न फवारलेलं शेत शोधायचं काम माझ्याकडे आलं.

"चित्र आणलंस तर हा विषय प्रबंधाला तुझा," सर म्हणाले. "नाही जमलं तर मला दुसऱ्या कुणाला तरी घ्यावं लागेल. हंगाम थांबत नाही." मग दारापर्यंत येऊन त्यांनी एक सूचना दिली. "उजेड आधी मोज, मान नंतर वाकव. वाकवल्यावर कॅमेऱ्यातला उजेडाचा काटा खोटं सांगतो."

माझे वडील सेलूला जिनिंगमध्ये कामाला आहेत. प्रबंध म्हणजे काय हे घरी मलाच सांगावं लागतं, आणि सांगताना माझंच मला पटत नाही. वडिलांनी एकदाच विचारलं होतं, "म्हंजी किडं बघायचे आन् लिवायचं?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "मग नीट बघ."

सखूआत्याकडे

ताडकळसला बौद्ध वस्तीत माझी आत्या राहते. ती माणिकराव नावाच्या शेतकऱ्याकडे खुरपायला जाते. त्यांच्या ज्वारीवर अजून औषध पडलेलं नाही हे तिच्याकडूनच कळलं होतं. मी पोचलो तेव्हा ती भाकरी थापत होती. पिशवी कुठे ठेवायची या विचारात मी उभाच राहिलो.

"बस की. ती काय पळून जायलीय का?"

"आत्या, हिला धूर लागू द्यायचा नाही."

"मग उतरंडीवर ठिव. पिठाच्या डेऱ्यावर."

पीठ हेही धुराइतकंच वाईट, हे तिला कसं सांगावं मला कळेना. शेवटी पिशवी मांडीवर घेऊनच जेवलो. आत्यानं वाढलेली भाकरी आमच्या सेलूकडच्या भाकरीपेक्षा मोठी आणि जाड होती, आणि बरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं तरी एक हात पिशवीवर होता. शेजारच्या बायका दारातून पाहून गेल्या. त्यातली एक आत्याला म्हणाली, "भाचा लय जीव लावतो गं पिशवीला. बायकोला बी असाच लावला म्हंजी झालं."

त्या दिवसांत विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण पुन्हा तापलेलं होतं. आत्यानं दोनच गोष्टी सांगितल्या. गावातून जाताना कॅमेरा गळ्यात घालायचा नाही, आणि कुणी विचारलं तर कॉलेजच्या कामाला आलोय एवढंच सांगायचं. "फोटूवाला म्हनलं की लोकायला पेपरवाला वाटतो. आन् पेपरवाला म्हनलं की कुनाला ना कुनाला राग येतोच."

माणिकरावांचं रान

शेत गावापासून चालत जाण्यासारखं होतं. आत्या पुढे, मी मागे. काळ्या जमिनीला भेगा पडल्या होत्या, आणि त्यावर छातीएवढी ज्वारी उभी होती. माणिकराव बांधावर बसून नांगराचा दोर वळत होते. साठीच्या आतले, बारीक, अंगावर बंडी. आत्या त्यांना मालक म्हणते. मी काय म्हणावं ते मला ठरवता येईना, म्हणून मी त्यांना काहीच न म्हणता बोलायचं ठरवलं. मराठीत ते किती अवघड आहे हे त्या चार दिवसांत कळलं.

"हा भाऊचा पोरगा," आत्या म्हणाली. "परभनीला शेतकीच्या कॉलेजात हाय. त्याला माशीच्या अंड्याचा फोटू काडायचाय."

माणिकरावांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आडनाव काय म्हनायचं?" आत्याच्या भावाचा मुलगा म्हटल्यावर आडनावातून जे कळायचं ते त्यांना ठाऊक होतंच. तरी मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि दोर वळत राहिले. "काडा की. माशीचं अंडं काय माजं न्हाई."

पलीकडच्या बांधावरून ग्यानबा नावाचा शेजारी हे ऐकत होता. "मानसाचा काडत न्हाईत, माशीचा काडत्यात," तो म्हणाला. "शिकून किडंच मोजायचे अस्तील तर आमी काय वंगाळ? आमी तर बिनशिकता मोजायलाव."

मी हसलो. मग माणिकरावांनी ज्वारीचं एक पान वळवून माझ्यासमोर धरलं. खालच्या बाजूला मावा गच्च बसला होता आणि पान तेल लावल्यासारखं चकाकत होतं. "हात लावा. लागलं का चिकट? अमुशा झाली की दुसऱ्या दिशी फवारा मारतो. पंप सांगून ठिवलाय."

मी चिकट बोटं पुसली. "अमावस्या कधी आहे?"

"परवा."

"अमावस्येपर्यंत का थांबलात?"

"त्ये आमच्या घरात इचारा." त्यांनी मानेनं गोठ्याकडे खूण केली. तिथं त्यांच्या पत्नी, कौसाबाई, कडब्याच्या पेंढ्या निवडून बाजूला लावत होत्या. ग्यानबानंच उत्तर दिलं. "कौसाबाई अहमदपूरकडच्या. तिकडं येळवस करत्यात, रानात जेवायची अमुशा. आमच्या गावात कुनी करत न्हाई. ह्या एका रानात सासुरवाडीची अमुशा चालती. आन् ती झाल्याबिगर रानात इख पडू देत न्हाईत बाई."

कौसाबाई तिकडूनच म्हणाल्या, "तुमाला जेवायला बलावते तवा बरी गोड लागती माज्या माहेरची अमुशा."

ग्यानबा बिडी शोधायला लागला.

आमच्या सेलूकडे येळवस नाही. आम्हाला ती नावानंच ठाऊक होती. पण मला त्यावेळी एवढंच समजलं, की अंडी सापडायला आजचा दिवस, आणि ती उबायला परवापर्यंतची मुदत. अंडी उबण्याआधी करडी पडतात. हिरवी सापडली तर उपयोग नव्हता.

दुपारपर्यंत मी पानं उलटत फिरलो. मान आखडली. मावा होता, ढालकिडे होते, पण देठावरची अंडी जुनी, फुटून पांढरी पडलेली. उन्हं कलल्यावर विहिरीच्या बाजूच्या सरीत एका पानावर ती दिसली. सहा अंडी, एका ओळीत, फिकट हिरवटवर करडी झाक येऊ लागलेली. वारा आला की सहाही देठ एकाच वेळी वाकत आणि परत उभे राहत. मी तोंड जवळ नेऊन पाहत होतो. माझ्या श्वासानंही ते हलत होते.

दोरा

दुसऱ्या दिवशी पहाटे फटफटलं तेव्हा मी शेतात होतो. थंडी अशी की तिपाईचे पाय हाताला चिकटत होते. वारा नसण्याचा तेवढाच वेळ. नळ्या लावल्या, सरांची लेन्स लावली, आणि कॅमेरा पानापासून चार बोटांवर आणला. आत डोळा लावला तर सगळं काळोखं. हळूहळू एक गोल, धूसर दाणा दिसला. तिपाई केसभर सरकवली आणि तो स्पष्ट झाला. खरं सांगतो, मला त्याची भीतीच वाटली. नुसत्या डोळ्यांना जो खसखशीचा दाणा होता, त्यावर बारीक नक्षी होती, आणि कडेनं दिसणाऱ्या देठात उजेड शिरत होता.

पण एकच अंडं स्पष्ट. बाकीची पाच नुसते डाग. चकती फिरवून लेन्सची मान वाकवली, तेव्हा धुकं एका बाजूनं हटू लागलं. दुसरं अंडं आलं, तिसरं आलं, मग पहिलं गेलं. थोडी उलट फिरवली. असं करता करता पाच आली. मी बटण दाबलं. मग पुन्हा एकदा. मग सूर्य वर आला आणि वारा सुटला, आणि पान हलायला लागलं.

त्या दिवशी अंडी उबली नाहीत. निघताना मला वाटलं, उद्या धुक्यात ज्वारीचं हे ताट ओळखू आलं नाही तर? सगळी ताटं सारखीच. आत्याकडून सकाळी घेतलेला लाल दोरा खिशात होता. तो मी ताटाला, पानाच्या खाली, दोन वेढे देऊन बांधला आणि निश्चिंत झालो. निदान त्या संध्याकाळपुरता.

येळवस

अमावस्येला शेतात माझ्या आधी कुणी येईल असं मला वाटलंच नव्हतं. पण लांबूनच बैलगाडी दिसली. कडब्याच्या पेंढ्या उभ्या बांधून खोपीसारखी कोप केली होती, तिच्या आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडले होते आणि त्यांवर नवं कापड. ते पाच पांडव, असं कौसाबाईंनी नंतर सांगितलं. माणिकराव हातात तांब्या घेऊन सरीसरीतून आंबील शिंपडत चालले होते आणि कानडी वळणाचं काहीतरी ओरडत होते. ओरडताना ते थोडे लाजत होते. ग्यानबा बांधावर बसून ऐकत होता.

मी विहिरीच्या बाजूला जवळजवळ पळत गेलो.

लाल दोऱ्याच्या वर ताटाला हळदीची बोटं उमटली होती. पानावर कुंकू. पानाच्या टोकाला आंबिलीचा थेंब लोंबत होता. सहातली दोन अंडी त्या आंबिलीत आडवी झाली होती. एक दिसतच नव्हतं. उरलेली तीन उभी होती, करडी पडलेली, आणि त्यांच्या देठांच्या बुडाशी कुंकवाची लाल भुकटी.

कौसाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. कपाळावरचा घाम पदरानं पुसत म्हणाल्या, "तुमच्या ताटाला बी केलं बगा. तुमी दोरा बांदून ठिवला व्हता न्हवं? मला वाटलं, तुमच्या कालेजात बी ताट पुजत्यात. मनलं, दोरा बांदला आन् हळदकुकू न्हाई, आसं कसं?"

"हो," मी म्हणालो. "बरं केलंत."

"मग तोंड कामून उतरलं?"

"थंडी आहे."

पिशवीत सरांनी दिलेला बारीक कुंचला होता. कुंकू झटकावं असं मनात आलं, पण देठाला कुंचला लागला असता तर तीही गेली असती. शिवाय कौसाबाई तिथंच उभ्या होत्या. पुजलेल्या ताटावरचं कुंकू मी त्यांच्या देखत कसं पुसणार होतो? कुठलं कारण आधी आलं ते मला आता नक्की सांगता येत नाही. मी तिपाई लावली.

लेन्सची मान वाकवली, तीनही अंडी ओळीत आणली, काटा पाहून उजेड मोजला, बटण दाबलं. तिसऱ्या वेळी बटण दाबताना सरांचा दारातला आवाज आठवला, आणि अंगातून थंडी पार निघून गेली. उजेड आधी मोजायचा होता. मी मान वाकवून मग मोजत होतो. आदल्या दिवशी काय केलं होतं? आठवेना. आदल्या दिवशीही हेच केलं असावं, कारण आदल्या दिवशीही मी आधी ओळ जुळवण्याच्याच मागे होतो. फिल्म कॅमेऱ्यात बंद. उघडून पाहिलं तर जे असेल तेही जाईल. धुऊन यायला ती मुंबईला जाणार, आणि तोवर मला काहीच कळणार नव्हतं. रोल विभागानं मोठ्या रिळातून कापून दिलेला, थोड्याच चित्रांचा, आणि तोही बराच संपला होता.

मग मान सरळ करून आधी उजेड मोजला, पण बटण दाबताना वारा सुटून पान सरकलं, आणि तीन अंडी तशीच राहिली.

जेवायला मला बोलावणं आलं तेव्हा मी बांधावर डोकं धरून बसलो होतो. आत्या आधीच आली होती. कोपीच्या सावलीच्या कडेला आम्हा दोघांना पत्रावळी मांडल्या. ओल्या हरभऱ्याची, वाटाण्याची, मेथीची, कशाकशाची एकत्र भज्जी, बाजरीचे उंडे, शेंगदाण्याची पोळी, गव्हाची खीर, आणि मडक्यातली आंबट गार आंबील. सेलूला मी अशी भाजी खाल्लेली नव्हती. प्रत्येक घासाला वेगळी चव लागत होती. इतक्या काळजीत असूनही मी तीनदा भज्जी घेतली याची मला नंतर लाज वाटली. ग्यानबानं पाच वेळा घेतली आणि त्याला काही वाटलं नाही.

"उद्या एक दिवस फवारा थांबवता येईल का?" मी पत्रावळीकडे पाहतच विचारलं.

माणिकराव घास गिळेपर्यंत थांबले. "कामून?"

"तीन अंडी उरली आहेत. उद्या सकाळी उबतील असं वाटतं."

"वाटतं?"

"पुस्तकात तसं आहे."

"आन् अळी निगून माजा मावा खाईल, आसं बी पुस्तकात हाय?"

"आहे."

"तीन अळ्या?" त्यांनी हात फिरवून सगळं रान दाखवलं. तीन अळ्यांनी त्या रानाचं काही होणार नव्हतं, हे मलाही दिसत होतं. "पंप उद्याच मिळतोय, पोरा. परवा त्यो दुसऱ्याच्या रानात. तुमच्या तीन अंड्यापायी माजं कनीस चिकट करू का?"

ते रागावून बोलले नाहीत. मी पत्रावळ उचलली.

पंप

सकाळी रस्त्यावरच मला औषधाचा वास आला. आत्या कामाला म्हणून माझ्याबरोबर होती, ती म्हणाली, "लागला वाटतं फवारायला." मी पिशवी छातीशी धरून धावलो. माणिकरावांनी तोंडाला फडकं बांधलं होतं आणि पाठीवर पंप. रस्त्याकडच्या सऱ्या ओल्या होऊन चकाकत होत्या. ते विहिरीच्या बाजूला वळले होते.

विहिरीच्या सरीत कौसाबाई उभ्या होत्या. डोक्यावरून पोतं घेतलेलं, हात कमरेवर.

"सरक," माणिकराव फडक्यातून म्हणाले.

"पुजलेल्या ताटावर इख मारत्यात व्हय? कालच निवद दावलाय."

"आगं, त्ये त्या पोराचं ताट हाय."

"दोरा त्याचा, हळदकुकू माजं."

"किती ताटं सोडू?"

"आंबील गेली तितवर."

"आंबील तर सगळ्या रानात शिपडाय लावलीस की मला."

बांधावरून ग्यानबा म्हणाला, "मंग झालं. औंदा सगळाच मावा पुजा आता."

कौसाबाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी चार पावलं अलीकडे आणि चार पावलं पलीकडे चालून पायानं ढेकळं सरकवली. "हितून हितवर. लक्षुमीचं हाय एवढं. बाकीचं तुमचं, न्हाव घाला."

माणिकरावांनी पंपाचा पट्टा खांद्यावर सारखा केला. मग वळसा घालून पुढच्या सरीत गेले. जाताना मला म्हणाले, "लवकर आवर. वारं फिरलं तर माज्या हातात न्हाई."

मी गुडघे टेकले. तीनपैकी मधल्या अंड्याच्या वरच्या टोकाला काहीतरी होतं. सरांची लेन्स हातात धरून तिच्यातून पाहिलं. अळी बाहेर आलेली होती. आपल्याच फुटलेल्या अंड्यावर ती बसली होती, अंग वाळवत, पाय जवळ घेऊन. ती आता कधीही देठावरून खाली उतरणार होती. घाईत नळीचं कडं दोनदा अडकलं.

मान सरळ ठेवली. आधी उजेड मोजला. काटा जिथं थांबला तो आकडा मी तोंडानं मोठ्यानं म्हणालो, विसरू नये म्हणून. कौसाबाईंना वाटलं मी त्यांना काही विचारलं. मग चकती फिरवली. पहिलं अंडं, मग अळी, मग तिसरं. पुन्हा मधलं धूसर झालं. पुन्हा फिरवली. पंपाचा फसफस आवाज पलीकडच्या सरीत आला आणि पान हललं. कौसाबाई पोतं पसरून वाऱ्याच्या बाजूला उभ्या राहिल्या. त्या औषधाचे तुषार अडवत होत्या. माझ्यासाठी वारा अडला. मी बटण दाबलं. उजेड थोडा वाढवून आणखी एकदा. कमी करून आणखी एकदा. मग फिल्म पुढे ओढायची दांडी सरकेना. रोल संपला होता.

अळी देठावरून डोकं खाली करून उतरली आणि माव्यात शिरली. कौसाबाईंनी वाकून पाहिलं.

"दिसली का?" मी विचारलं.

"न्हाई बाबा. पर तू बगितली न्हवं?"

रस्त्यात

परत येताना परभणी जवळ आली तेव्हा एसटी थांबली. रस्त्यावर दगड लावले होते आणि पोरं नामांतराच्या घोषणा देत होती. त्या घोषणा मीही दिलेल्या होत्या. एरवी मी खाली उतरलो असतो. त्या दिवशी उतरलो नाही, कारण पिशवीतला रोल माझा एकट्याचा नव्हता असं मला वाटत होतं, आणि तसं वाटणं बरोबर की चूक ते अजून ठरलेलं नाही. दोघे आत चढले. एकानं पिशवीचा पट्टा पाहिला.

"कॅमेरा हाय का? कुनाचे फोटू काडले?"

"किड्यांचे."

"उघड बरं."

मी पिशवी उघडली. त्यानं एक नळी उचलून डोळ्याला लावली आणि तिच्यातून माझ्याकडे पाहिलं. "ह्यात तर काचच न्हाई."

"नसतेच."

"आन् ह्यो?" त्यानं कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणावर बोट ठेवलं. ते उघडलं असतं तर सगळं पांढरं झालं असतं. मी त्याचं मनगट धरलं. असं मी कुणाचं कधी धरलेलं नाही. "भाऊ, उजेड लागला तर जाईल. सेलूच्या बौद्ध वस्तीतला आहे मी. प्रबंधाचं आहे." यातलं कुठलं त्याला पटलं मला माहीत नाही. त्यानं हात काढून घेतला. दुसरा म्हणाला, "सोड रे. अंडी उबवून ऱ्हायला त्यो." दगड बाजूला होईपर्यंत मी बसमध्येच बसून होतो.

परभणी

स्लाइड मुंबईहून आल्या तेव्हा सरांनी मला खोलीत बोलावलं आणि पडदे ओढले. भिंतीवर पहिली पडली. काळी. दुसरी काळी, तिच्यात एक करडा डाग. सरांनी पुढची सरकवली. नंतरच्या दोन-तीन तशाच. मग आंबिलीचा थेंब आला, भिंतीवर घागरीएवढा, आणि त्यात आडवं झालेलं अंडं.

मग भिंत हिरवी झाली. तीन देठ, तीनही बुडापासून टोकापर्यंत स्पष्ट. मधल्यावर अळी, तिचे पाय मोजता यावेत अशी. बुडाशी लाल खडे पडावेत तसं काहीतरी.

सर उठून भिंतीजवळ गेले. "हे लाल काय?"

"कुंकू, सर."

त्यांनी वळून पाहिलं. मी जमेल तसं सगळं सांगितलं. दोरा, आंबील, उजेड उलटा मोजल्याचंही सांगितलं. सर हसतील असं वाटलं होतं, पण ते परत चित्राकडेच पाहत राहिले.

"आजूबाजूला सगळीकडे फवारणी, आणि एवढाच तुकडा कोरा राहिला?"

"हो सर."

"पुढच्या आठवड्यात तिथं जाऊन मावा मोज. फवारलेल्यातला आणि न फवारलेल्यातला, दोन्ही." त्यांनी प्रोजेक्टरचा दिवा बंद केला नाही. "आणि हा तुकडा न फवारता का सोडला, याचं कारण पद्धतीच्या प्रकरणात द्यावं लागतं. ते कसं लिहिशील?"

"मला माहीत नाही, सर."

"मग विचार कर," सर म्हणाले. "प्रबंध तुलाच लिहायचा आहे."